कागदाची बीडी

तंबाखूशिवायची बीडी तयार करायची, असं ज्या माणसाच्या डोक्यात शिरलं त्या माणसाने जन्मात कधी बीडी ओढलेली नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं सगळं यातून आलं. माझा त्यातला भागही.

आम्ही त्यांना काकाजी म्हणायचो. वर्ध्याहून आंजीकडे जाताना लागतं ते आमचं हातकागदाचं केंद्र. कापडाच्या चिंध्या कुटून लगदा करायचा आणि एकेक ताव हाताने उचलायचा. काकाजी तिथले कागद काढणारे मास्तर, मी विक्रीच्या खिडकीवर. लिफाफे, फायली, लग्नपत्रिकांचा कागद विकायचा आणि गिऱ्हाईक नसलं की मागच्या निंबाखाली बीडी पेटवायची. मी मुळात बोलणारा माणूस नाही. भाव विचारला की भाव सांगायचा, एवढंच माझं बोलणं. काकाजींचं उलट. डोक्यात काही आलं की ते तोंडाआधी हातांनी बोलायचे, आणि हात दिवसभर पाण्यात. त्यामुळे त्यांचा आनंद नेहमी समोरच्याच्या शर्टावर उडायचा.

आमचं काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. हौदात पातळ लगदा असतो. चाळणीचा चौकोनी साचा दोन्ही हातांनी धरून त्यात बुडवायचा, वर काढताना अलगद हलवायचा, पाणी गळून गेलं की साच्यावर ताव उरतो. एक हात सुटला की ताव गेला. म्हणून हौदावर कोणी बीडी ओढत नसे. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता, हातच मोकळे नसायचे. काकाजी म्हणायचे, "कागदवाल्याले व्यसन कराचं तर तिसरा हात लागते."

त्यांना हा नाद लागला तो थोरल्या भावापायी. दोघे एकाच घरात राहायचे. थोरले विधुर होते आणि काकाजींनी लग्नच केलं नव्हतं. थोरल्यांची छाती आता धूर झेलणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते सोडायचे, थोडे दिवस घरातल्या भांड्यांवर राग काढायचे आणि परत पेटवायचे. एकदा म्हणाले, "सोडाले सोडतो रे मी, पण हाताले काय सांगू?"

हे वाक्य घेऊन काकाजी दुसऱ्या दिवशी माझ्या खिडकीवर आले. अजून दार नीट उघडलं नव्हतं.

"तंबाखू म्हणजे काय हाय?"

"पान," मी म्हटलं.

"अन् पान म्हणजे? जे कापसात हाय तेच. सेल्युलोज. मंग आपण कापसाचं पान बनवू. जळन, धूर देईन, हाताले काम देईन. फक्त त्यात जहर राह्यणार नाई. अन् तू ओढून सांगजो, जमलं का नाई ते. मले त्यातलं काई समजत नाई."

माझी नेमणूक अशी झाली. कागद त्यांचा, जीभ माझी.

कोणीतरी त्यांना सांगितलं की तलफ मारायला औषधाच्या दुकानात गोळ्या मिळतात, चघळायचं रबर मिळतं. काकाजींनी ते आणून पाहिलं, म्हणजे टेबलावर ठेवून पाहिलं. मग म्हणाले की याला कानावर ठेवता येत नाही, दुसऱ्याकडे मागता येत नाही, याच्यावर राख धरत नाही. हे ओढणाऱ्याने बनवलेलं नाही. हे बोलणारा स्वतः न ओढणारा! पण त्यांचा अभ्यास जबर होता. पक्षी बघणारे लोक तळ्याकाठी बसतात तसे ते वर्ध्याच्या बसस्थानकावर जाऊन बसायचे आणि ओढणारी माणसं बघायचे. कोण पेटवताना डोळे मिटतो, कोण अर्धी विझवून खिशात ठेवतो, कोणाला धुरापेक्षा काडीच जास्त आवडते. अनोळखी माणसाजवळ सरकून विचारायचे, "भाऊ, आत्ता, या झुरक्याले, नेमकं काय वाटलं?" एकाने यांना पोलीस समजून बीडी फेकली आणि पळाला. काकाजी त्याच्यामागे पळाले. पकडायला नाही, उत्तर राहिलं होतं म्हणून.

प्रयोगांचे ते दिवस आठवले की आजही अंगात वारं भरतं. पांढऱ्या बनियनच्या कतरणीचा लगदा, त्यात खडूची भुकटी, रंगाला काळा गूळ, ओल राहावी म्हणून ग्लिसरीन. ताव वाळला की कात्रीने शेवयांसारखा कातरायचा, तेंदूच्या पानात गुंडाळायचा, दोऱ्याने बांधायचा. गुंडाळायला काकाजी स्वतःच शिकले आणि इतकं सुरेख शिकले की विकत आणलेल्या बीड्या त्यांच्यापुढे गबाळ्या दिसायच्या. पहिली बीडी मी पेटवली तेव्हा ते माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर तोंड आणून उभे होते. काय लागतं म्हणून विचारलं. मी म्हटलं, परीक्षेचा पेपर जळाल्यासारखं लागतं. ते इतके खूश झाले की त्यांनी मला गदागदा हलवलं. जळालं तर होतं!

पण फार हळू जळत होतं. मग काकाजींनी फटाकेवाल्याकडून सोरा आणला आणि लगद्यात घातला. त्या तावाची बीडी थोरल्यांनी ऐटीत पेटवली. ती ओढायची वेळच आली नाही. तीच फुरफुरत थोरल्यांच्या दिशेने निघाली आणि मिशीची उजवी बाजू घेऊन गेली. थोरले उरलेली मिशी धरून ओरडत होते की डॉक्टर परवडला, भाऊ परवडला नाही. आणि काकाजी खाली वाकून राखेचा रंग बघत होते. "पाह्य पाह्य, पांढरी राख! अस्सल!"

चवीसाठी त्यांनी काय घातलं नाही? भाजलेली मेथी, मोहाची फुलं, संत्र्याची वाळवलेली साल, अडुळसा. अडुळशावर थोरले म्हणाले, "ही बीडी हाय का काढा? ओढू का पिऊ?" जो माणूस ताव नापास करील त्याचं नाव काकाजी त्या तावाला देत. त्यामुळे आमच्याकडे ड्रायव्हर ताव होता, पानठेला ताव होता, थोरल्यांच्या नावाचे तर कितीतरी. माझ्या नावाचा एकही नव्हता. मी कधी नापासच केलं नाही. "थोडंसंच राहिलं काकाजी," असं मी दर वेळी म्हणायचो. खरं म्हणजे सगळंच राहिलं होतं. त्या धुरात ते नव्हतंच, ज्यासाठी माणूस ओढतो. पण त्यांचा चेहरा वीतभरावर असायचा. तिथे खरं बोलायला वेगळी छाती लागते.

आमचे डॉक्टर एकदा केंद्रात कागद घ्यायला आले तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितलं की कापूस जळो की तंबाखू, जळलेल्याचा धूर फुप्फुसालाच बसणार. काकाजींनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साहेब, वरच्या मजल्यावरून माणूस उडी मारते का जिन्यानं उतरते? हा माह्यावाला जिना हाय. पहिले तलफ उतरू द्या, मंग धूर उतरवतो." डॉक्टर बरोबर होते. पण जिन्याची गोष्ट ऐकून तेही हसले, आणि त्यांचा कागद ओला करूनच काकाजींनी बांधून दिला.

मग लग्नपत्रिकांचं प्रकरण झालं. मेथीच्या तावाचा हौद नीट न धुता त्यातच पत्रिकांचा कागद काढला गेला. पुलगावच्या एका घरची लग्नपत्रिका पाहुण्यांच्या घरी पोचली ती फोडणीचा वास घेऊन. वधूपिता पत्रिकांचा गठ्ठा घेऊन खिडकीवर आला आणि म्हणाला, "पाव्हण्यायले वाटून राह्यलं का आम्ही लग्नाच्या आधीच जेवण धाडलं." मी गठ्ठा परत घेतला. व्यवस्थापक मात्र गप्प बसले नाहीत. ते सज्जन, खादीतले, सुपारीसुद्धा न खाणारे गृहस्थ. आपल्या आवारात बीड्या वळल्या जातात हेच त्यांना आधीपासून खुपत होतं. त्यांनी काकाजींना बोलावून सांगितलं की एकदाच काय ते करून दाखवा. ओढणारी माणसं बोलवा. ते हो म्हणाले तर चालू द्या. नाही म्हणाले तर हा धूरधंदा बंद, आणि हौदात पुन्हा काही टाकलेलं दिसलं तर तुम्हीही बंद.

काकाजींना हौदाशिवाय काही नव्हतं. घरी ते पाहुण्यासारखे राहायचे. त्यांचं राहणं केंद्रातच.  त्या आठवड्यात कोरडे हात घेऊन बसलेले काकाजी मी पहिल्यांदा पाहिले. मला ते बघवेना.

आता ते सांगतो जे इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

परीक्षेच्या दिवशी दुपारी काकाजी थोरल्यांना आणायला घरी गेले. कातरलेला ताव परातीत पडला होता, गुळाच्या रंगाचा. मी माझ्या खिशातलं बंडल काढलं, काही बीड्या सोडल्या, त्यांतला तंबाखू तळहातावर चोळला आणि परातीत मिसळला. फार नाही. चिमटीने घेतला, मग आणखी एक चिमूट. हात धुतले. काकाजी आले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने बीड्या वळल्या. त्यांच्या नाकाला तंबाखू आणि मेथी सारखीच. फरक सांगायला तर मी होतो.

परीक्षक तिघे होते. बसचा ड्रायव्हर, नाक्यावरचा पानठेलेवाला आणि थोरले. व्यवस्थापक रुमाल नाकाला लावून खुर्चीवर बसले. ड्रायव्हरने झुरका घेतला आणि भुवया वर केल्या. पानठेलेवाला म्हणाला, पहिल्यापेक्षा लय सुधारली, हलकी हाय पण हाय. थोरल्यांनी डोळे मिटून धूर आत धरला, इतका सावकाश सोडला की मला वाटलं आता निकाल फिरला. मग म्हणाले, "जमलं रे, बाप्पा. आता जमलं."

काकाजींनी काय केलं असेल? ते पळत हौदाकडे गेले, दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवले, तसेच पळत आले आणि त्यांनी थोरल्यांना, ड्रायव्हरला, मला, शेवटी व्यवस्थापकांनाही मिठी मारली. व्यवस्थापकांच्या खादीवर लगद्याचे दोन पंजे उमटले. सगळे हसत होते. मीही हसलो. खरं सांगतो, त्या क्षणी मला काहीही वाईट वाटलं नाही. मी एका माणसाला वाचवलं, असंच वाटत होतं. त्या दिवशी आमच्याकडे असा उत्साह होता की चहा दोनदा आला.

चूक केवढी आहे ते पुढच्या तावाला कळलं. तेच कापड, तोच गूळ, तीच भुकटी. थोरल्यांनी ओढली आणि म्हणाले, "हे नाई. मागचं आण."

मागचं कुठून आणायचं? तो ताव काढला त्या दिवसाची काकाजींनी उलटतपासणी सुरू केली. त्या दिवशी नळ नव्हता म्हणून विहिरीचं पाणी वापरलं होतं. मग विहिरीचं पाणी आणलं. चिंध्या हिंगणघाटहून आल्या होत्या. मग स्वतः हिंगणघाटला जाऊन तशाच चिंध्या आणल्या. त्या दिवशी ढग होते, तर ढग येईपर्यंत ताव वाळत घालायचा नाही. एक जुनं धोतर त्या लगद्यात कुटलं गेलं होतं, तर त्याच वयाचं धोतर शोधत ते आंजीभर फिरले. एक म्हातारा म्हणाला की धोतर देतो, पण माझं वय चालेल का तेही बघून घ्या. काकाजींनी तेही विचारून घेतलं. लोक हसायचे. मी खिडकीत बसून हे सगळं बघत होतो.

एकदा मी सांगायला गेलो. हौदाशी जाऊन उभा राहिलो, म्हटलं, काकाजी, त्या दिवशीचं एक सांगायचं होतं. साचा पाण्यात होता. ते म्हणाले, "थांब. बोलू नको. मले वाटते चिंध्यायच्या पाण्यातला चुना निवला नोता त्या दिशी. तेच असन." आणि त्यांच्या डोळ्यांत ती चमक परत आली. मी मागे फिरलो. ती चमक मोडायची नव्हती म्हणून फिरलो, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. खरं कारण एवढंच की मी भित्रा आहे.

मग एक दिवस ते निंबाखाली माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले की दुसऱ्याच्या जिभेवर किती दिवस काढायचे. त्यांना एकदा स्वतः कळलं पाहिजे, त्या तावात काय होतं. त्यासाठी आधी अस्सल काय असतं ते कळलं पाहिजे. "मले शिकव ओढणं."

आणि मी शिकवलं. काडी वाऱ्याच्या आडोशाला कशी धरायची, गाल आत कसे घ्यायचे, धूर घशात न अडवता खाली कसा सोडायचा. ते खोकून खोकून निळे झाले आणि तेवढ्यात हसतही होते, नवी विद्या मिळाल्यासारखे. नंतर त्यांची पद्धतच ठरली. एका हातात कागदाची, दुसऱ्या हातात अस्सल. एक झुरका इकडचा, एक तिकडचा. कागदाची बेचव लागली की मान हलवायचे आणि म्हणायचे की माझी जीभ अजून कच्ची आहे. जीभ पक्की करायची म्हणून अस्सल आणखी ओढायचे. काही काळाने कागदाचा हात रिकामा राहू लागला.

थोरल्यांचं काय झालं म्हणाल तर त्यांनी बीडी सोडली. खरोखर सोडली. कोणत्या तावाने नव्हे. रोज संध्याकाळी भाऊ नवा धूर घेऊन समोर उभा, आणि सांग म्हणतो काय वाटलं. त्यांना धुराचाच वीट आला. "बीडी माह्यी होती," ते म्हणायचे, "यानं तिचा अभ्यास करून टाकला."

काकाजी निवृत्त झाले, तेव्हा केंद्राने त्यांना एक जुना साचा भेट दिला. त्यांनी घरामागे सिमेंटचा हौद बांधला. केंद्रात आता यंत्र आहे, बहुतेक गिऱ्हाईक मोबाईलवरच ऑर्डर देतं, आणि मी अजून खिडकीवर आहे. गेल्या महिन्यात आमच्या डॉक्टरांनी मला रस्त्यात थांबवलं. म्हणाले, काकाजींना तुम्ही समजावा. छातीचा फोटो चांगला नाही. बीडी सोडा म्हटलं तर म्हणतात, काम अर्धं हाय, एकदा तो ताव जुळला का दुसऱ्या दिवशी सोडतो.

तो ताव. मी घरी न जाता तसाच सायकल वळवून काकाजींकडे गेलो.

अंगणात थोरले बाजेवर टेकून बसले होते, ऐंशीच्या पुढचे, पण टवटवीत. मला बघून म्हणाले, "ये. पाह्य, मी सोडली तं यानं धरली. घरात एक तं पायजेच." काकाजी हौदाच्या कठड्यावर बसले होते, ओठांत बीडी, लगदा हाताने ढवळत. मी बसलोही नाही. बसलो असतो तर बोललो नसतो.

"काकाजी, त्या परीक्षेच्या दिवशी मी परातीत तंबाखू टाकलता. माह्याच बंडलातला."

त्यांचा हात लगद्यात थांबला. पाणी फिरत होतं ते हळूहळू उभं राहिलं. मी शिवीची वाट बघत होतो. शिवी आली असती तर बरं वाटलं असतं.

"वल्ल्यात का वाळल्यावर?" त्यांनी विचारलं.

"वाळल्यावर. कातरल्यावर."

"म्हणजे तावात काईच नोतं."

"नाई."

"चव नोतीच."

"नोती, काकाजी. कोणत्याच तावात नोती. मी खोटं बोलत होतो."

ते उठून उभे राहिले. चेहऱ्यावर राग होता, पण त्याच्या खालून दुसरंच काही वर येत होतं, उकळी येते तसं. "म्हणजे माह्यी जीभ बराबर होती," ते म्हणाले. "मले कागदच लागे. जवा ओढली तवा कागदच. अन् मी म्हणो, तुले थोडी तरी लागते ते मलेच काऊन लागून नाई राह्यली. दादा, आयकलं का? माह्यी जीभ कच्ची नोती!"

थोरले बाजेवरून म्हणाले, "तरीच म्हणतो, त्या दिशी काळीज कसं थंड झालतं."

काकाजी हसायला लागले, हसता हसता खोकायला लागले आणि खोकला फार वेळ चालला. तो थांबल्यावर त्यांनी ओठांतली बीडी काढून हातात घेतली आणि तिच्याकडे पाहिलं. पहिल्या दिवशी खिडकीवर येऊन तंबाखू म्हणजे काय असं विचारलं होतं ना, अगदी तशाच आवाजात विचारलं, "मंग ही मी कायले ओढून राह्यलो?"

 त्याचं उत्तर मी आत्ताच सांगून बसलो होतो.

"लय वाईट केलं बाबू तू," ते म्हणाले. अगदी हळू. मग जळती बीडी माझ्यापुढे धरली. "धर. ही तुहीच हाय."

मी घेतली. दुसरं काय करणार होतो? त्यांनी दोन्ही हात झटकले, माझ्या शर्टावर थेंब उडाले, आणि ते हौदाकडे वळले. पाठमोरेच म्हणाले, "ये इकडे. मले आता साचा उचलत नाई, दम लागते. लगदा खाली बसून राह्यला. पहिलेपासून लावू."

"कायचा ताव, काकाजी?"

"साधा. पांढरा. कागदाचा कागद. ये लवकर."

साच्याला दोन्ही हात लागतात. मी बीडी पायाखाली विझवली आणि बाह्या वर केल्या.